पाकिटावर पत्ता वृत्तवाहिनीचा होता

मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादक, आउटपुट हेड आणि डिजिटल विभागांचे प्रमुख यांना खुले पत्र

स.न.वि.वि.

१६ एप्रिल २००७ ला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, ब्लॅक्सबर्ग या विद्यापीठाच्या गावी, एका विद्यार्थ्याने सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या. मग तो आपल्या खोलीवर गेला, कपडे बदलले आणि पोस्टात गेला. ९ वाजून १ मिनिटाने त्याचं पाकीट न्यूयॉर्कसाठी नोंदलं गेलं. तिथून तो नॉरिस हॉल नावाच्या इमारतीत पोचला, दारांना आतून साखळ्या घातल्या, आणखी ३० जणांना मारलं आणि शेवटी स्वतःवर गोळी झाडली.

पाकिटावर पत्ता होता एनबीसी या वृत्तवाहिनीचा. आईबापाचा नव्हता, पोलिसांचा नव्हता. दोन हत्याकांडांच्या मधल्या वेळात माणूस पोस्टाच्या खिडकीशी उभा राहतो, म्हणजे ते पाकीट त्याच्या बेतात किती महत्त्वाचं असेल, एवढाच विचार तुम्ही करावा म्हणून सुरुवात तिथून केली.

पत्ता लिहिताना काहीतरी चुकल्यामुळे पाकीट एक दिवस उशिरा, १८ एप्रिलला पोचलं. आत सुमारे १८०० शब्दांचं निवेदन, ४३ फोटो आणि पंचवीसहून अधिक व्हिडिओ क्लिप. एनबीसीने मूळ माल एफबीआयकडे दिला, स्वतःपुरती प्रत ठेवली आणि त्याच संध्याकाळच्या बातमीपत्रात त्यातला काही भाग दाखवला. प्रत्येक फोटोवर त्यांचा लोगो होता. तिकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आपल्याकडे १९ एप्रिलची पहाट, चार वाजलेले. आणि मी त्या दिवशी नाइट शिफ्टला होतो.

मी व्हिडिओ एडिटर. आता निवृत्त आहे, डोंबिवलीत राहतो. त्या वेळी एका हिंदी वाहिनीच्या मुंबई ब्यूरोत होतो; वाहिनीचं नाव घेत नाही, कारण त्या रात्री जे झालं ते कुठल्याही वाहिनीत झालं असतं आणि बहुतेक ठिकाणी झालंच. एजन्सीच्या फीडवर फुटेज उतरलं. रनडाउन, म्हणजे बुलेटिनचा क्रम, लावणारा प्रोड्यूसर धावत आला आणि म्हणाला, "तो दोन्ही हातांत बंदुका धरून कॅमेऱ्याकडे बघतो ना, तो ओपनिंगला घे." मी घेतला. तो फोटो होता, मुका. मला तो पडद्यावर थंड वाटला, म्हणून साउंड लायब्ररीतून गोळीचा आवाज काढून त्याखाली टाकला. मग फोटो झूम इन केला. मग पुन्हा गोळी. सहाच्या बुलेटिनला ते पॅकेज गेलं आणि प्रोड्यूसरने माझ्या पाठीवर थाप मारली.

थाप मारली तेव्हा बरं वाटलं होतं. हेही लिहून ठेवतो.

दोन-तीन दिवसांनी जेवताना आईने विचारलं, "त्यात आपली मुंबईची एक पोरगी गेली म्हणे. काय नाव रे तिचं?" मला सांगता येईना. आई म्हणाली, "त्या मेल्याचा चेहरा तर मला झोपेत दिसतो. पोरीचा फोटो एकदा तरी दाखवायचात."

ती मुलगी आर्किटेक्चरच्या पुढच्या शिक्षणासाठी गेली होती, २६ वर्षांची. त्याच इमारतीत तमिळनाडूत जन्मलेले प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन जलविज्ञानाचा तास घेत होते, तेही गेले. बाजूच्या वर्गात ७६ वर्षांचे प्राध्यापक लिविऊ लिब्रेस्कू होते. लहानपणी नाझींच्या तावडीतून वाचलेला हा माणूस वर्गाचं दार अंगाने रोखून उभा राहिला, तेवढ्यात मुलांनी खिडकीतून उड्या टाकल्या. लिब्रेस्कू दाराशीच मारले गेले. हे सगळं मला नंतर वर्तमानपत्रांत वाचून कळलं. आमच्या पॅकेजमध्ये लिब्रेस्कूंना एक वाक्य मिळालं होतं. लोगनाथन आणि ती मुलगी 'मृतांमध्ये दोन भारतीय' अशा एका पट्टीत गेले. बाकीची सगळी वेळ तो होता.

आता इतक्या वर्षांनी हे पत्र का? दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याचा मुलगा आमच्याकडे आला होता. नववीत आहे. फोनवर काहीतरी बघत होता आणि मध्येच थांबवून मागे नेत होता, पुन्हा बघत होता. मी डोकावलो. ८ फेब्रुवारी २०२४ चा तो व्हिडिओ. मुंबईच्या उत्तर उपनगरात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना आपल्या ऑफिसात बोलावून, शेजारी बसवून, फेसबुक लाइव्ह करून एकाने गोळ्या घातल्या आणि मग स्वतःलाही संपवलं. मुलगा बघत होता तो व्हिडिओ कुणा आगाऊ माणसाच्या खात्यावरचा नव्हता. एका मराठी वृत्तवाहिनीच्या यूट्यूब चॅनेलवरचा होता. कोपऱ्यात लोगो, वर लाल अक्षरांत 'एक्सक्लुझिव्ह', घोसाळकरांच्या भोवती लाल गोल, आणि व्हिडिओ सुरू होण्याआधी बनियनची जाहिरात. मी विचारलं, "हे का बघतोस?" तो म्हणाला, "आजोबा, गोळी नेमकी कधी लागते ते कळत नाही."

मी त्याला ओरडलो नाही. त्याला जे वाटत होतं तेच २००७ च्या त्या पहाटे मला वाटलं होतं. पॅकेज कापायला ते फुटेज एकदा बघणं पुरे होतं, मी तीनदा बघितलं.

त्या वाहिनीला तिच्या चॅनेलवरच्या अशा ११ व्हिडिओंबद्दल मी रीतसर मेल केला. केबल टीव्हीच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे वाहिनीने तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय देऊन तो तक्रारदाराला कळवायचा असतो. आज ४१ दिवस झाले. व्हिडिओ आहेत तिथेच आहेत. म्हणून आता हे सगळ्यांसमोर.

पहिली तक्रार. मारेकऱ्याने काय केलं हे सांगणं तुमचं कामच आहे. त्याने काय रेकॉर्ड केलं हेही सांगा. पण तुम्ही त्याला माइक देता. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत माणसं ओलीस असताना एका राष्ट्रीय वाहिनीने आतल्या दहशतवाद्याचा फोन थेट प्रक्षेपणात घेतला आणि त्याचं म्हणणं देशाला ऐकवलं. बाहेर आमचे पोलीस मरत होते आणि आत बसलेल्याचा 'फोनो' चालला होता. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते. हल्ला करणाऱ्याचा आधीच काढून ठेवलेला व्हिडिओ त्याच्या संघटनेने त्याच दिवशी सोडला आणि संध्याकाळपर्यंत तो वाहिन्यांवर होता. हेही पाकीटच. फक्त पोस्टाचा खर्च वाचला. बुलढाण्यातल्या त्या दोन घरांत अजून पार्थिव यायचं होतं आणि टीव्हीवर मारणारा बसून बोलत होता.

२६/११ च्या खटल्यातलं अपील निकाली काढताना, २९ ऑगस्ट २०१२ ला, सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या वार्तांकनावर कठोर ताशेरे ओढले. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार आपल्याच वाहिन्या पाहून आतल्या माणसांना सूचना देत होते, हे फोनवरच्या संभाषणांतून न्यायालयापुढे आलं होतं. माध्यमांवरचं नियंत्रण फक्त माध्यमांच्या आतूनच असावं, या युक्तिवादाचं त्या वार्तांकनाने मोठं नुकसान केलं, असं न्यायालय म्हणालं. मार्च २०१५ मध्ये नियम आला, दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद झालं. तो नियम तुम्ही बऱ्यापैकी पाळता. म्हणजे सक्ती झाली की जमतं.

दुसरी तक्रार लूपची, म्हणजे तेच फुटेज पुन्हा पुन्हा फिरवण्याची, आणि याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे माझं खातं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की लूप टीआरपीसाठी चालतो. अर्धंच खरं आहे. टीआरपी घोटाळ्यानंतर ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ वृत्तवाहिन्यांचे आकडे बंद होते. त्या काळात लूप थांबला का? मी पीसीआरच्या, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षाच्या, शेजारच्या खोलीत बसत होतो, मला माहीत आहे. लूप चालतो कारण चोवीस तास भरायचे असतात आणि हाताशी ३८ सेकंदांचं फुटेज असतं. अँकर बोलतोय, डबल विंडोत पाहुणा बोलतोय, तिसऱ्या खिडकीत काहीतरी हलतं हवं. डेस्कवरची बावीस वर्षांची मुलगी विचारते, "विज्युअल काय ठेवू?" आणि कोणीतरी मान वर न करता म्हणतं, "तेच ठेव." बस. एवढाच निर्णय असतो. तो कोणी घेतला हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. तासाभरात माणूस तीस-चाळीस वेळा मरतो, आणि कुणीही ठरवलेलं नसतं की त्याने इतक्या वेळा मरावं.

एनबीसीवर टीका झाल्यावर त्यांनी त्या टेपचा वापर एकूण प्रक्षेपणाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायचं जाहीर केलं. मला ते वाचून हसू आलं होतं. १० टक्के म्हणजे तासाला सहा मिनिटं.

तिसरी तक्रार घरच्यांची. एनबीसीने टेप दाखवल्याच्या दुसऱ्याच दिवशी मृतांच्या काही नातेवाइकांनी त्याच वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमातल्या ठरलेल्या मुलाखती रद्द केल्या. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी न जाऊन सांगितलं. आपल्याकडे घरच्यांना तेवढीही निवड नसते. ओबी व्हॅन दाराशी असते, हातात 'बूम', म्हणजे वाहिनीचा माइक, असतो आणि विचारलं जातं, "व्हिडिओ पाहिलात का? काय भावना आहेत?" ज्या बाईने पाहिलेला नसतो तिला असा एक व्हिडिओ आहे हे तिथे कळतं.

चौथी तक्रार एका ओळीची आहे. मुक्या फुटेजखाली गोळीचा, हृदयाच्या ठोक्यांचा, काच फुटल्याचा आवाज टाकणं बंद करा. मी टाकलेला आवाज मला अजून ऐकू येतो.

पाचवी. बुलेटिन संपतं, हवेत विरतं. यूट्यूब विरत नाही. तुमच्या चॅनेलवरचा तो माल रोज कुठल्यातरी नववीतल्या मुलापुढे जातो आणि त्यावर जाहिरातीचे पैसे येतात. टीव्हीवर तुम्ही चेहरा धूसर केलात तरी थंबनेलवर तो स्वच्छ असतो. हे मी माझ्या तक्रारीतल्या ११ व्हिडिओंपैकी ४ मध्ये मोजून पाहिलं आहे. ९ जानेवारी २०२३ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने अपघात, मृत्यू, हिंसा यांची विदारक दृश्यं दाखवण्याबद्दल वाहिन्यांना सूचनापत्र काढलं होतं. समाजमाध्यमांवरून उचललेले व्हिडिओ काटछाट न करता तसेच लावले जातात, ही तक्रार त्यातही होती. तुमच्या डिजिटल विभागात ते कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

आता तुमची उत्तरं. ती मला पाठ आहेत, मीच ती पंचवीस वर्षं घरच्यांना देत होतो.

"लोकांना जाणून घ्यायचं असतं." खरंय. लोकांना विचारायचं असतं की का केलं असेल. हा प्रश्न चांगला आहे, त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण त्या पाकिटात त्याचं उत्तर होतं का? तो सांगत होता की तुम्ही सगळ्यांनी मला यासाठी भाग पाडलं. मी तीनदा ऐकलं, हाती एवढंच लागलं. खरं उत्तर ऑगस्ट २००७ मध्ये आलं, व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने नेमलेल्या समितीच्या अहवालात. डिसेंबर २००५ मध्ये एका न्यायाधिकाऱ्याने हा मुलगा स्वतःच्या जिवाला धोका आहे असं ठरवून बाह्यरुग्ण उपचारांचा आदेश दिला होता. त्या उपचारांचा पाठपुरावा कोणीच केला नाही. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला बंदूक विकता येत नाही. पण व्हर्जिनिया राज्य तेव्हा बाह्यरुग्ण आदेशाची नोंद केंद्राच्या यादीत पाठवत नसे, म्हणून दुकानातल्या तपासणीत तो बिनबोभाट पास झाला. विद्यापीठातल्या वेगवेगळ्या खात्यांना त्याच्याबद्दल तुकड्या-तुकड्यांनी माहीत होतं, ते तुकडे कोणी जोडले नाहीत. नोंदीतल्या त्या पळवाटेवरून जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेचा कायदा बदलला. मारेकऱ्याच्या टेपमुळे अमेरिकेत एक कलमही बदललं नाही, ती पळवाट उघड झाल्यामुळे बदललं. आणि आमच्या वाहिनीने त्या अहवालावर एक पट्टीसुद्धा चालवली नाही. त्यात विज्युअल नव्हतं ना.

म्हणून मी म्हणतो, लोकांच्या कुतूहलाचं नाव पुढे करू नका. कुतूहल भागवायचं काम कष्टाचं आहे, ते तुम्ही टाळता आणि त्या जागी ज्याचं म्हणणं सगळ्यांत कमी भरवशाचं, त्यालाच साक्षीला उभा करता.

"आम्ही नाही दाखवलं तर दुसरा दाखवेल, आणि नेटवर आहेच." कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक वाहिनीने एनबीसीचं फुटेज हाती असताना ते दाखवायचं नाही असं ठरवलं. पाकीट आलं, त्यात काय होतं, पोलीस काय म्हणतात, हे सगळं सांगितलं. टेप लावली नाही. शेजारच्या देशातल्या सगळ्या वाहिन्यांवर ती चालू असताना. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारणाऱ्याने १७ मिनिटं फेसबुकवर थेट प्रक्षेपण केलं. ते थेट पाहणारे २०० सुद्धा नव्हते. पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्याच्या १५ लाख प्रती काढाव्या किंवा अडवाव्या लागल्या. मारेकऱ्याला मिळालेले प्रेक्षक त्याने स्वतः जमवले नव्हते, ते पुढे पाठवणाऱ्यांनी दिले. पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की मी त्याचं नाव घेणार नाही. तिथल्या सेन्सॉरने व्हिडिओ आणि जाहीरनामा दोन्हींवर बंदी घातली, आणि खटल्याचं वार्तांकन कसं करायचं याचे नियम पाच प्रमुख माध्यमसंस्थांनी एकत्र बसून आधीच ठरवले. एकमेकांचे स्पर्धकच होते ते. तुम्ही मुंबईत सगळे जण दहा-पंधरा किलोमीटरच्या आत बसता.

"दाखवल्याने कोणी खून करायला उठत नाही." सगळे उठत नाहीत, मान्य. पण जे उठतात ते काय बघून उठतात? व्हर्जिनियाच्या त्या मुलाने आपल्या पाकिटात १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या दोन मारेकऱ्यांचा उल्लेख हुतात्मे म्हणून केला होता. त्या दोघांनीही आधी तळघरात बसून टेपा काढल्या होत्या. शेरीफच्या कचेरीने त्या लोकांसाठी खुल्या केल्या नाहीत, नकलेची भीती हे कारण दिलं, आणि २०११ मध्ये त्या नष्ट केल्या. क्राइस्टचर्चच्या माणसाचं बघून १४ मे २०२२ ला अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एका दुकानात दहा जणांना मारणाऱ्यानेही कॅमेरा लावला होता आणि प्रेरणा कोणाची ते लिहून ठेवलं होतं. ही साखळी माझ्या कल्पनेतली नाही, मारेकऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली आहे.

(तुमच्या लक्षात आलं असेल, या पत्रात मी एकाही मारेकऱ्याचं नाव लिहिलेलं नाही. वाचताना काही अडलं का?)

आता जिथे माझं मत डळमळतं ते सांगतो, कारण ते लपवलं तर या पत्राला अर्थ नाही.

९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा अतोनात छळ करून खून झाला. छळाचे फोटो आणि व्हिडिओ तो करणाऱ्यांनीच मोबाइलवर काढले. आरोपपत्राला जोडलेले ते फोटो ३ मार्च २०२५ च्या संध्याकाळी बाहेर आले आणि रात्रभर प्रत्येक मराठी वाहिनीवर होते. दुसऱ्या दिवशी मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा आला. माझे जुने सहकारी मला तेव्हापासून हेच ऐकवतात: "बघ, दाखवलं नसतं तर?"

याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तीन महिने गावातली माणसं रस्त्यावर बसून जे सांगत होती ते एका रात्रीत राज्याला पटलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एखाद्या सत्य गोष्टीवर पडदा टाकला जात असेल तर पुरावा लोकांसमोर आणणं हे पत्रकाराचं काम आहे, मग तो पुरावा कितीही ओंगळ असो. पण त्याच रात्रीबद्दल मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ ला सांगितलं आहे की आरोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही. ते मोडून दाखवायचं इतकं मोठं कारण असेल, तर तो निर्णय कोणी घेतला, कधी घेतला, देशमुखांच्या मुलांना आधी फोन कोणी केला? आणि एकदा दाखवून काम झालं होतं, तर रात्री दहालाही तेच फोटो, सकाळी सहालाही तेच, पुढच्या आठवड्यातही तेच, ते कोणत्या लोकहितासाठी?

आणखी एक. ते फोटो काढणाऱ्यांनी ते कशासाठी काढले होते? आठवण म्हणून नाही. आमच्या वाटेला जाल तर असं होईल, हे दाखवायला. बीडच्या भाषेत याला दहशत बसवणं म्हणतात. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीपासून खुनापर्यंतचा धागा ज्या बातमीदारांनी गावोगाव फिरून जोडला, त्यांनी दहशत उतरवली. फोटोंच्या लूपने मात्र जी दहशत एका तालुक्यात बसवायची होती, ती गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पोचवली. दोन्ही कामं एकाच वाहिनीने एकाच दिवशी केली आहेत, हे मी नाकारत नाही.

मागण्या अशा आहेत.

मारेकऱ्याने किंवा आरोपीने स्वतः केलेलं रेकॉर्डिंग, मग ते निवेदन असो, लाइव्ह असो की खुनाचं चित्रण, ते हलत्या चित्रात आणि त्याच्या आवाजात चालवू नये. त्यात काय आहे ते तुमच्या बातमीदाराने आपल्या शब्दांत सांगावं.

अपवाद दोनच. आरोपी फरार असून ओळख पटवण्यासाठी पोलिसांनी विनंती केली तर त्याचा चेहरा. आणि मस्साजोगसारखं प्रकरण, जिथे दाखवल्याशिवाय सत्य दडपलं जाईल असं संपादकाला प्रामाणिकपणे वाटतं. तिथे कारण लेखी नोंदवून, घरच्यांना आधी कळवून, धूसर करून, एकदा. लूप नाही, खिडकीत नाही, प्रोमोत नाही.

असं फुटेज रनडाउनमध्ये चढवताना निर्णय घेणाऱ्याचं नाव त्या ओळीपुढे लिहिलं जावं. 'तेच ठेव' म्हणणाऱ्याला एकदा स्वतःचं नाव टाइप करू द्या. आणि एडिट रूममधल्या पोराने किंवा पोरीने "मी हे कापणार नाही" म्हटलं, तर त्यांची शिफ्ट, पगार, बढती याला हात लागणार नाही, असं लेखी द्या. २००७ मध्ये मी नाही म्हटलं असतं असा माझा दावा नाही. पण म्हणता येतं, हेच मला माहीत नव्हतं.

यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्रामवरचा असा जुना माल काढा. तो काढेपर्यंत त्यावरच्या जाहिराती बंद ठेवा.

तक्रार कोणाकडे करायची, त्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन दिवसातून एकदा तरी पडद्यावर, वाचता येईल इतका वेळ, मराठीत दाखवा. हल्ली ते वेबसाइटच्या तळाशी इंग्रजीत असतं.

मृतांबद्दल मी मागणी करत नाही, विनंती करतो. पहिल्या बुलेटिनला नाव, दुसऱ्याला फोटो, तिसऱ्याला तो माणूस काय करायचा ते. डेस्कला विज्युअल हवंच असतं, तर ते असू दे.

माझ्या तक्रारीतल्या ११ व्हिडिओंची यादी, प्रत्येकाची तारीख आणि नेमकी मिनिटं-सेकंद, त्या वाहिनीकडे पुन्हा पाठवली आहे. बाकीच्यांनी आपापल्या चॅनेलवर स्वतः शोधावं; शोधायला फार वेळ लागणार नाही. आजपासून १५ दिवस थांबतो. मग हेच सगळं स्वनियमन संस्थेकडे आणि तिथून गरज पडली तर मंत्रालयाकडे जाईल. दरम्यान तुमच्यापैकी कोणाला एडिट रूममधल्या पोरांशी या विषयावर बोलायला माणूस हवा असेल, तर मी येईन. मानधन नको. नाइट शिफ्टलाही येईन, झोप तशीही कमीच लागते.

आपला,
एक निवृत्त व्हिडिओ एडिटर
डोंबिवली पूर्व